सभेत मुके, नाक्यावर बोलके



येत्या काही आठवड्यांत आपल्या धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाची, म्हणजे आपण ज्याला पॅरिश कौन्सिल म्हणतो त्याची, नव्याने रचना व्हायची आहे. प्रत्येक वाडीतून नावे सुचवा, अशी विनंती आम्ही गेले दोन रविवार मिस्सानंतर करीत आहोत. उत्तरे साधारण दोन प्रकारची येतात. काही जण म्हणतात, "फादर, तिथे येऊन काय करायचं? आमचं कोण ऐकतं?" दुसरे म्हणतात, "फादर, तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य आहे." पहिल्या उत्तरात राग आहे, दुसऱ्यात आदर आहे. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो, खुर्ची रिकामी राहते.

म्हणून आज थोडे मुळाशी जाऊन विचार करावा असे वाटले. ज्या सभेचा सल्ला मानलाच पाहिजे असे बंधन नाही, त्या सभेत बोलण्याला काही अर्थ आहे का? आणि आपण सभेत गप्प बसलो, तर तो केवळ आपला स्वभाव म्हणायचा की त्यात काही दोषही आहे?

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवा करीत होतो. चर्चच्या जागेत एका कडेला एक जुने बावखल होते. आपल्या वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वडीलधाऱ्यांना बावखल म्हणजे काय हे सांगायला नको. केळी, पानवेली, फुलझाडे यांना याच गोड्या पाण्याच्या तळ्यातून रहाटाने पाणी दिले जाई. पावसाचे पाणी त्यात साचे, जमिनीत मुरे, आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहत. पण त्या बावखलाचा वापर थांबला होता. त्यात गाळ आणि जलपर्णी भरली होती. इकडे रविवारी गाड्या लावायला जागा पुरत नव्हती. बावखल बुजवून तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत, असे आमच्या मनाने घेतले.

विषय कौन्सिलपुढे ठेवला. खरे सांगायचे तर तोवर ठेकेदाराशी दर ठरून गेला होता. सभेत एक वयस्कर बागायतदार उठले आणि म्हणाले, "फादर, तीन बाजूंचं पाणी तिथे येतं. ते कुठे जाईल?" आम्ही म्हणालो, "काका, त्याचा विचार झाला आहे, गटार काढणार आहोत." ते खाली बसले. आणखी कोणी काही बोलले नाही. इतिवृत्तात लिहिले गेले, 'ठराव सर्वानुमते मंजूर'.

पुढच्या पावसाळ्यात जुलैच्या एका रात्री चर्चच्या मागच्या दोन घरांत गुडघाभर पाणी शिरले. सकाळी आम्ही गेलो तेव्हा एक बाई भिजलेले तांदूळ सुपात घेऊन उन्हाची वाट पाहत बसल्या होत्या. तेच काका तिथे आमच्या आधी पोहोचले होते आणि एका मुलीची भिजलेली वह्या-पुस्तके दोरीवर वाळत घालीत होते. आम्हाला पाहून ते एवढेच म्हणाले, "या फादर." त्यांनी 'मी सांगितलं होतं' असे म्हटले असते तर आम्हाला बरे वाटले असते. नंतर मोठे गटार काढले, त्या घरांना मदत केली. पण बुजवलेले बावखल परत मिळाले नाही.

त्यानंतर सभेतील आणखी दोघांनी आम्हाला खाजगीत सांगितले, "फादर, आम्हालाही तसंच वाटत होतं. पण तुम्ही ठरवलेलं दिसलं, म्हणून बोललो नाही." तेव्हापासून 'सर्वानुमते' हा शब्द लिहिताना आमचा हात अडखळतो. त्या ठरावात एका माणसाचे मत होते, एकाचा विरोध होता आणि बाकी सगळी शांतता होती. आम्ही शांततेला संमती समजलो.

या चुकीत आमचा वाटा सर्वात मोठा होता, यात शंका नाही. परंतु ती केवळ आमचीच होती का?

सल्ला का घ्यायचा, याचे उत्तर सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलकडून ऐकले होते. घर चांगले झाले की नाही हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला अधिक कळते, आणि जेवण कसे झाले हे आचाऱ्यापेक्षा पाहुणा चांगले सांगू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. परीक्षेत ते लिहून आम्ही गुणही मिळवले. पण पाणी कुठून येते हे त्या काकांना कळते आणि आम्हाला कळत नाही, हे काही त्या परीक्षेने शिकवले नव्हते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे विवेचन करताना 'शिकण्याची तयारी' हा त्याचा एक भाग मानला आहे. प्रत्यक्ष जीवनातील गोष्टी इतक्या तऱ्हेच्या असतात की कोणी एकटा त्या सगळ्या जाणू शकत नाही. म्हणून अनुभवी माणसांकडून शिकावे लागते, आणि अधिकारपदावरील विद्वानांनाही यातून सूट नाही, असे ते सांगतात. ह्या दृष्टीने पाहिले तर सल्ला विचारणे हा मोठेपणाने दिलेला मान नव्हे. ज्याला योग्य निर्णय घ्यायचा आहे, त्याची ती गरज आहे.

पवित्र शास्त्रही हेच सांगते. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसे. त्याचे सासरे इथ्रो यांनी ते पाहिले आणि 'हे काही बरे नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील' अशा अर्थाचा सल्ला दिला. प्रत्यक्ष परमेश्वराशी बोलणाऱ्या मोशेने तो सल्ला मानला, आणि तोही परजातीच्या माणसाचा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम लिहिले. महत्त्वाच्या बाबतीत मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण पुष्कळदा देव अधिक चांगला मार्ग धाकट्याला दाखवतो, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. सर्वांचे ऐकल्यावर निर्णय मात्र मठाधिपतीने घ्यायचा.

इथेच आपल्या कौन्सिलविषयीचा नेहमीचा आक्षेप येतो. 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे (कलम 536) पाळकीय मंडळाचे अध्यक्षपद धर्मगुरूकडे असते आणि मंडळाचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. आर्थिक मंडळ प्रत्येक धर्मग्रामात असलेच पाहिजे (कलम 537), तर पाळकीय मंडळाची आवश्यकता बिशप ठरवतात. मग लोक विचारतात, "शेवटी फादरच ठरवणार, तर आम्हाला बोलवायचं कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेनेही तो टाळलेला नाही. 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मग्रामांपासून ऐकण्याची जी प्रक्रिया सुरू केली, तिचा शेवट ऑक्टोबर 2024 मध्ये रोम येथील सिनॉडच्या अंतिम दस्तऐवजाने झाला. अशी सहभागाची मंडळे सर्वत्र बंधनकारक व्हावीत, असा आग्रह त्यात धरला आहे. 'केवळ सल्ल्यापुरते' या शब्दप्रयोगाचाही पुनर्विचार व्हावा, असे त्यात म्हटले आहे. पोप महोदयांनी तो दस्तऐवज जसाच्या तसा स्वीकारला.

परंतु आमच्या मते, नियम बदलण्याची वाट पाहण्याआधीही एक गोष्ट स्पष्ट आहे. निर्णय घेण्याचा अधिकार एकाकडे असू शकतो, पण सत्य त्या एकाच्या मालकीचे होत नाही. आईला डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य कायद्याने बंधनकारक नसते, म्हणून काही ते निरर्थक ठरत नाही. सल्ला बांधतो तो सद्सद्विवेकबुद्धीला. ज्याने विचारले त्याने मन मोकळे ठेवून ऐकले पाहिजे, आणि न मानल्यास का मानला नाही हे सांगितले पाहिजे. आधीच ठरवून मग विचारणे हे एक प्रकारचे खोटे बोलणे आहे. ते आम्ही केले होते. आणि ज्याला विचारले, त्याने आपल्याला जे खरे वाटते ते सांगितले पाहिजे. सांगितले नाही तर तोही विचारणाऱ्याला फसवतो. मित्र खड्ड्याकडे चालला आहे हे दिसत असताना 'त्याने विचारलं, पण त्याच्या मर्जीविरुद्ध कसं सांगू' असे म्हणणारा मित्र कसला?

शुभवर्तमानात एका कौन्सिल सभासदाची गोष्ट आहे. अरिमथाईचा योसेफ. यहुद्यांच्या न्यायसभेचा तो सभासद होता. चांगला आणि न्यायी माणूस होता, आणि येशूविरुद्धच्या सभेच्या बेताला त्याने संमती दिली नव्हती, असे संत लूक लिहितो. पण त्या रात्री तो सभेत काही बोलला का, हे संत लूक सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र तो भीतीपोटी गुप्तपणे शिष्य होता असे कळते. पुढे त्याने धैर्य केले, पिलाताकडे गेला, येशूचे शरीर मागून घेतले आणि स्वतःच्या कबरेत ठेवले. आपण त्याला संत मानतो, आणि ते योग्यच आहे. तरी दर पवित्र शुक्रवारी आमच्या मनात येते की कबर देण्याइतके औदार्य ज्याच्यापाशी होते, त्याचा एक शब्द आदल्या रात्री ऐकू आला असता तर? त्याच सभेतला निकदेम एकदा बोलला होता. माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आपला कायदा त्याला दोषी ठरवतो काय, एवढाच प्रश्न त्याने विचारला. सहकाऱ्यांनी त्याची टर उडवली, 'तूही गालिलाचाच का?' अशी. त्याच्या प्रश्नाने पुढचे काही टळले नाही. पण तो प्रश्न नोंदला गेला, आणि दोन हजार वर्षे तो प्रत्येक सभेला विचारला जात आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण योसेफासारखे आहेत. मनाने चांगले, संमती न देणारे, पण बोलायची वेळ येते तेव्हा खाली पाहणारे. मग सभा सुटल्यावर फाटकाजवळ, नाक्यावर, दुधाच्या रांगेत आपल्याला वाचा फुटते. सभेत न बोललेले मत तिथे कुजबुज होते, आणि कुजबुजीने माणसे तुटतात, रस्ता काही दुरुस्त होत नाही. प्रायश्चित्त संस्कारात लोक रागाचे, खोटे बोलण्याचे पाप सांगतात. 'फादर, बोलायला हवे होते तिथे मी गप्प बसलो' असे फारच थोडे जण सांगतात. वास्तविक मिस्साच्या आरंभी आपण कर्तव्यात केलेल्या कसुरीबद्दलही छाती पिटतो.

आता कोणी म्हणेल, बहुमताने ठरवले की झाले! पण बहुमत म्हणजे सत्य नव्हे. बरब्बाला सोडा, असे ओरडणारे बहुमतातच होते. दानिएलच्या ग्रंथात सुसान्नेची कथा आहे. दोन मानकरी वडिलांच्या साक्षीवर विसंबून साऱ्या सभेने एका निष्पाप स्त्रीला मरणाची शिक्षा दिली. तिला नेत असताना गर्दीतून एक तरुण मुलगा ओरडला की या रक्तात माझा वाटा नाही. सभा थांबली. साक्षीदारांची पुन्हा, वेगवेगळी चौकशी झाली आणि खोटेपणा उघडा पडला. त्या सभेचे मोठेपण आम्हाला यात दिसते की ती परत फिरली. एका पोराने हटकले म्हणून तिने आपला ठराव बदलला. अशी तयारी ज्या सभेत असते, तिच्यात बोलायला माणसांना बळ येते.

आणि सभेत कोण नाही, हेही पाहावे लागते. आरंभीच्या ख्रिस्तसभेत ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी 'कुरकुर करू नका' असे म्हटले नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे वाचा, स्तेफन, फिलिप आणि इतर, सगळी ग्रीक नावे आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातलीच माणसे बहुधा निवडली गेली. आपल्या कौन्सिलच्या मागील यादीकडे आम्ही ह्या नजरेने पाहिले. त्यात जुन्या घराण्यांची नावे होती, निवृत्त शिक्षक होते, बँकेतली मंडळी होती. नवीन इमारतींत भाड्याने राहणारे एकही कुटुंब नव्हते. आदिवासी पाड्यावरचे कोणी नव्हते. पंचविशीच्या आतले एकच नाव होते, आणि ते गायनमंडळाला पेटी वाजवणारा हवा म्हणून घेतले होते. यंदा हे बदलावे अशी आमची इच्छा आहे. ती पुरी करणे तुमच्याही हाती आहे.

चर्चच्या फाटकाबाहेरही हाच प्रश्न उभा आहे. आपल्या धर्मग्रामातील काही वाड्या ग्रामपंचायतीत आहेत, काही महापालिकेत. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. गावाचा विकास आराखडा, खर्च, योजनांचे लाभार्थी, हे सारे तिथे मांडावे लागते. शंभर माणसे! आपल्या सणाच्या दिवशी नुसत्या मंडपाखाली त्याहून अधिक असतात. तरी गणपूर्ती नाही म्हणून ग्रामसभा तहकूब होतात. तहकूब सभेला पुढे गणपूर्तीची अट राहत नाही, आणि मूठभर लोकांत सगळे मंजूर होते. मग आपण म्हणतो, 'सगळं आधीच ठरलेलं असतं'. त्याला तशी वाट आपणच करून दिलेली असते.

महापालिकेतील वाड्यांना ही सभा आता नाही. 2009 साली वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा आपली गावे तीतून वगळावीत म्हणून कितीतरी लोक रस्त्यावर उतरले. हिरवाई जाईल, कर वाढतील ही भीती होतीच. पण एका आजींनी आम्हाला जे कारण सांगितले ते विसरता येत नाही. "फादर, पंचायतीत मी सरपंचाला तोंडावर विचारायचे. आता कोणाला विचारू?" 2020 पासून काही वर्षे तर निवडून आलेले नगरसेवकही नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. ज्यांच्या हातून ग्रामसभा गेली त्यांना तिची किंमत कळली. ज्यांच्याकडे ती अजून आहे, त्यांनी निदान तिथे जावे.

एकत्र बसून ठरवणे जमते का, असे विचारणाऱ्यांनी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आठवावे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा प्रसिद्ध आहे. पण त्या गावाची खरी ताकद दोन साध्या सवयींत आहे. निर्णय ते सर्वसहमतीने घेतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात. 2009 साली त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर खाण व्हावी की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तिथल्या ग्रामसभांवर सोपवले, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. तिथली माणसे आपल्याहून अधिक शिकलेली नव्हती. पण ती सभेला आली, आणि बोलली.

सभेत भांडणे होतात, हे आम्ही नाकारत नाही. यरुशलेमच्या पहिल्या सभेतही मोठा वादविवाद झाला, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. परराष्ट्रीयांनी सुंता करावी की नाही, हा प्रश्न काही छोटा नव्हता. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, लोकांनी शांतपणे ऐकले, मग याकोबाने निष्कर्ष मांडला. आणि पत्र लिहिताना त्यांनी तो निर्णय पवित्र आत्म्याचा आणि आपला, असा दोघांचा मिळून सांगितला. एवढा वाद झाल्यावर हे लिहिण्याचे धैर्य त्यांना झाले, कारण कोणाला गप्प बसवून तो निर्णय घेतलेला नव्हता.

म्हणून तीन विनंत्या. कौन्सिलसाठी नाव सुचवताना 'फादरचे ऐकणारा' असे पाहू नका, खरे सांगणारा पाहा. सभेला येणाऱ्याने विषय समजून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून यावे. स्वतःच्या वाडीचे गाऱ्हाणे जरूर मांडावे, पण दुसऱ्या वाडीचेही ऐकावे. आणि ज्यांच्या गावी ग्रामसभा आहे त्यांनी पुढच्या ग्रामसभेला, एखादा तास मोडून का होईना, हजर राहावे.

आमच्याकडून एक वचन देतो. यापुढे कौन्सिलपुढे जो विषय येईल तो ठेकेदाराकडे जाण्याआधी येईल. ज्यांनी विरोध केला त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहिले जाईल. तुमचा सल्ला मानता आला नाही, तर का, हे पुढच्या सभेत आम्ही सांगू. आणि आम्ही हे विसरलो, तर एखाद्या काकांनी उठून विचारावे, "फादर, पाणी कुठे जाईल?" या वेळी आम्ही त्यांना खाली बसवणार नाही.

पवित्र आत्मा आपणा सर्वांना सुबुद्धी आणि धैर्य देवो.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू